२०१३ ची वॅगन-आर, बहात्तरीतले काका आणि कुंभार्ली घाट

काका, नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमचं वय ७२. गाडी २०१३ ची पेट्रोल वॅगन-आर, आजवर ४३,००० किलोमीटर चाललेली. चिपळुणात बाजार, बँक, दवाखाना एवढंच फिरणं आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा घाट चढून कराडला मुलीकडे. तीन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या. गॅरेजात गाडी लावली की नऊ-दहा हजारांखाली बिल येत नाही. गुडघ्यांमुळे खाली बसून काही करता येत नाही. तर घरच्या घरी काय करता येईल आणि ही गाडी ठेवावी की काढून टाकावी, असं तुम्ही विचारलंय.

मी कराडला बत्तीस वर्षं गॅरेज चालवलं. आता भाचा बघतो, मी सकाळी दोन तास जाऊन बसतो आणि सगळ्यांच्या कामात नाक खुपसतो. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं खूप पाहिली. सगळ्यांना वाटतं, गाडी जुनी झाली म्हणून त्रास देते. तुमच्या गाडीचं दुखणं मला वेगळं दिसतं. ती फार कमी चालते. चालणाऱ्या गाडीचे आजार वेगळे, उभ्या गाडीचे वेगळे. तुम्ही (आणि बहुधा तुमचा मिस्त्रीही) किलोमीटर मोजताय. तुम्ही कॅलेंडर बघायला हवं.

ऑइलचंच घ्या. "वर्षात तीन हजारच किलोमीटर झाले, दहा हजारांना बदलायचं ना?" असं लोक म्हणतात. सर्व्हिसच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. दुसरा अर्धा भाग कोणी वाचत नाही. घरापासून बाजार दोन किलोमीटर. तेवढ्यात इंजिन धड तापतही नाही. आत तयार झालेली वाफ बाहेर न पडता ऑइलमध्ये उतरते, थोडं पेट्रोलही उतरतं. कोकणातल्या दमट हवेत हे आणखी वाढतं. खात्री करायची असेल तर इंजिन थंड असताना ऑइल भरायचं झाकण उघडा आणि आतली बाजू बघा. सायीसारखा पिवळट थर दिसला तर ते पाणी आणि ऑइल घुसळून झालेलं लोणी आहे. थर पातळ असेल आणि कराडची एक फेरी झाल्यावर जात असेल तर घाबरू नका. पण थर जाड असेल आणि कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलची) शंका घ्यायची आणि गाडी दाखवायची. थोडक्यात, ऑइल आणि ऑइल फिल्टर वर्षातून एकदा, किलोमीटर कितीही झालेले असोत. इथे पैसे वाचवू नका.

आता बॅटरी. तिसरी घेण्याआधी आधीच्या दोन कशामुळे गेल्या, हे शोधू. सेल्फ मारताना बॅटरीतून मोठा करंट जातो. तो भरून काढायला अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरला) वेळ लागतो. दोन किलोमीटर जायचं, बंद करायची, परत सेल्फ, परत दोन किलोमीटर, असं चाललं की बॅटरी कायम अर्धपोटी राहते. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती पुन्हा पूर्ण भरतच नाही. पण दुसरी शक्यताही आहे: गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टम, रिव्हर्स कॅमेरा, अलार्म, यांची वायर घाईत चुकीच्या जागी जोडलेली असते. दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून आधी निदान.

चारपाचशे रुपयांत साधा मल्टीमीटर मिळतो. कराडहून परत आलात की गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी सेल्फ न मारता बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पोट भरलंय. १२.४ म्हणजे पाऊण. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. तीन दिवस गाडीला हात लावू नका आणि पुन्हा मोजा. १२.६ चे १२.५ झाले तर ठीक. १२.१ झाले तर एक तर करंट चोरी होतेय, नाहीतर बॅटरीच आतून गेलीय. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि हे दोन्ही आकडे त्याला सांगा, त्याचं अर्धं काम होईल. इंजिन चालू ठेवून मोजलंत तर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवं. त्याहून कमी असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघायचा.

चोरी नसेल तर औषध फुकट आहे: आठवड्यातून एकदा गुहागर रस्त्याला अर्धा तास जाऊन परत यायचं. काकूंना घेऊन जा, वाटेत चहा प्या, पण गाडी सलग चालली पाहिजे. बरेच जण रोज सकाळी दारातच गाडी पाच मिनिटं सुरू ठेवतात आणि समाधान मानतात. त्याने उलटं होतं. सेल्फने खाल्लेलं पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये भरून निघत नाही, आणि सायलेन्सरमध्ये वाफेचं पाणी साठून तो आतून गंजतो. महिनाभर मुलीकडे राहायला जाणार असाल आणि गाडी चिपळुणातच असेल, तर निगेटिव्हची केबल काढून ठेवा. दहा नंबरचा पाना लागतो, उभ्या उभ्या होतं. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर अशी ठिणगी उडते की पाना चिकटून बसतो. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर केबली काढून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने धुवा, कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिन लावा. "बॅटरी गेली" म्हणून आमच्याकडे आलेल्या कितीतरी गाड्या एवढ्यावर परत गेल्यात.

घरी काय करता येईल, याचं माझं उत्तर असं: पाना आमच्याकडे ठेवा, डोळे आणि नाक तुम्ही वापरा. ज्यात वाकायचं, झोपायचं, जॅक लावायचा आहे ते तुम्ही करू नका. पण आमच्याकडे गाडी वर्षातून दोनदा येते, तुम्ही ती रोज बघता. रविवारी सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडायचं. डिपस्टिक काढून पुसायची, परत घालून काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कूलंटची बाटली खालच्या-वरच्या रेषेत. ब्रेक ऑइलची बाटली तशीच. काचेवर मारायचं पाणी भरायचं. झालं.

कूलंटबद्दल एक कळकळीची गोष्ट. गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत पाणी दाबाखाली असतं म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम वर येतं. माझ्या उजव्या मनगटावर एकोणिसाव्या वर्षीचा डाग अजून आहे. कूलंट कमी पडलं तर बोअरचं पाणी ओतू नका, क्षार आत धरतात. तयार मिसळलेल्या कूलंटचा एक डबा घरात ठेवा. आणि वारंवार कमी होत असेल तर भरत राहू नका, जातंय कुठे ते विचारा.

गळती बघायला वाकायची गरज नाही. रात्री गाडीखाली एक जुना पुठ्ठा काठीने सरकवून ठेवा आणि सकाळी ओढून घ्या. काळा-तपकिरी चिकट डाग म्हणजे ऑइल. हिरवट किंवा गुलाबी म्हणजे कूलंट. एसी लावून आल्यावर पडलेलं स्वच्छ पाणी नेहमीचंच. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. मग गाडी हलवायचीच नाही, मिस्त्रीला घरी बोलवायचं. सकाळी गाडीपाशी पेट्रोलचा वास आला तरीही सेल्फ मारू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि तुमच्या गाडीच्या रबरी नळ्या त्याच्या आधीच्या काळातल्या आहेत. वर्षाच्या सर्व्हिसला त्या नळ्या बघायला सांगा.

गुडघ्यांबद्दल तुम्ही लिहिलंय की घाटात क्लच दाबून दाबून डावा पाय भरून येतो आणि "आता वय झालं". असेल. पण आधी क्लच तपासून घ्या. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे. गुडघ्यांनी दगा दिला, गाडी विकायचीय, गिऱ्हाईक बघ म्हणाले. मी गाडी आत घेताना क्लच दाबला तर माझाच पाय थरथरला. केबल आतून सुकलेली आणि प्लेट झिजलेली. हे वर्षानुवर्षं तसूतसूने जड होत जातं, त्यामुळे रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. दोष तो स्वतःच्या पायाला देतो. प्लेट आणि केबल बदलल्यावर मास्तरांनी पुढे चार वर्षं तीच गाडी चालवली. म्हणून एक करा. मुलगी किंवा जावई आले की त्यांना तुमची गाडी एक फेरी मारायला द्या आणि काही न सांगता विचारा: क्लच कसा वाटतो, ब्रेक कुठे लागतो, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का. आपल्या अंगवळणी पडलेलं परक्या पायाला लगेच कळतं.

ब्रेकचा विषय तुमच्यासाठी बाकी सगळ्याहून मोठा आहे, कारण परतीच्या वाटेवर कुंभार्ली उतरायचा असतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. पाणी मिसळलं की त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला की ते तापतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. सपाटीवर वर्षभर उत्तम लागणारा ब्रेक घाटात दगा देतो, तो असा. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, नुसती वरून भर घालायची नाही. बाटलीच्या झाकणावर ब्रेक ऑइलचा प्रकार, डॉट ३ की डॉट ४, ते लिहिलेलं असतं, तेच घालायला सांगा. तुम्ही शेवटचं कधी बदललं ते लिहिलेलं नाही. मला भीती आहे की एकदाही नाही. उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक दुसऱ्यात. इंजिनचा आवाज वाढतो तो वाढू द्या, तेच गाडी धरून ठेवतं. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून भेटतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या ब्रेकचे ड्रम ओलसर हवेत गंजतात आणि ब्रेकचे लाइनर त्यांना चिकटतात; मग गाडी हलवायला गेलं की चाक ओढत येतं. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला विटेचा अडसर द्या. मिरगाच्या आधी वायपर ब्लेड नवीन घ्या, जुने वाजत नसले तरी. वायपरखालच्या जाळीत अडकलेली पानं हाताने काढून टाका. ती कुजून पाण्याची वाट बुजली की पाणी पायाखालच्या चटईत येतं आणि लोक छत गळतंय म्हणून शोधत बसतात. समोरच्या काचेची आतली बाजूही पुसा. प्लास्टिकच्या वाफांचा तिच्यावर एक धुरकट थर चढतो आणि रात्री समोरच्या लाइटने सगळं पांढरं दिसतं. तेही बऱ्याचदा डोळ्यांच्या खात्यावर जमा होतं. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर पॉलिश करून वर यूव्ही कोटिंग करून घ्या. नुसत्या टूथपेस्टने चमकतात, पण लवकरच परत पिवळ्या. घाटात धुकं असेल आणि आतून काच धूसर होत असेल तर थंडी वाजली तरी एसी काचेवर सोडा, तो ओल खेचून घेतो.

पूर तुम्ही २०२१ च्या जुलैत पाहिलाय, तुम्हाला मी काय सांगणार. एवढंच की पाणी सीटपर्यंत आलेल्या गाडीचा सेल्फ "लागतोय का बघू" म्हणूनसुद्धा मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. उंदरांचं म्हणाल तर डांबरगोळ्या, तंबाखू, स्प्रे, सगळं करून पाहिलंय; वास उडाला की पाहुणे परत. गाडी हलती ठेवणं आणि आसपास खाणं न सांडणं, याहून मोठा उपाय मला सापडलेला नाही.

स्टेपनीबद्दल स्पष्टच सांगतो. तुम्ही ती बदलायची नाही. घाटात तर नाहीच. गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवा भरायचा छोटा पंप घ्या. ट्यूबलेस टायरचं पंक्चर बहुतेक वेळा सावकाश उतरतं. हवा भरून पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं. हवा एकदम गेली आणि तुम्ही वळणावर असाल, तर तिथे थांबू नका. धोक्याचे लाइट लावून रांगत्या वेगाने रुंद जागेपर्यंत जा. टायर गेला तर गेला. विम्यात रस्त्यावर मदत मिळण्याची जोड घेता येते, फार महाग नसते, नूतनीकरणाच्या वेळी विचारा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करता येतो. पण स्टेपनीत हवा आहे का हे मात्र दर महिन्याला पंपावरच्या पोराला बघायला लावा. वर्षानुवर्षं कोणी न पाहिलेली स्टेपनी गरजेच्या दिवशी हमखास बसलेली निघते.

बिलाचं. गॅरेजवाल्याची बाजूही ऐका: मजुरीत फार सुटत नाही, म्हणून वरची कामं विकली जातात. मीही विकली आहेत, नाही म्हणत नाही. तुमच्या वापराला वर्षाला ऑइल, ऑइल फिल्टर, ब्रेकची सफाई आणि तपासणी, गरज असेल तर एअर फिल्टर. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. कूलंट पुस्तकात दिलेल्या मुदतीने. दरवेळी इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचा सुगंधी फवारा, पॉलिशचं कोटिंग, याची गरज नाही. गाडी देतानाच सांगा, "यादी करून फोन करा, मी हो म्हटल्यावरच काम करा आणि काढलेले जुने पार्ट डिकीत ठेवा." जुना पार्ट परत मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी आम्ही जरा जपून वागतो, हे आतलं गुपित. कोकणात अंडरबॉडी कोटिंग मात्र मी वायफळ म्हणणार नाही, पण ते गंज काढून, सुकवून केलं तरच. गंजावरच काळा थर मारला तर गंज आत सुखाने वाढतो.

गाडी ठेवायची की काढायची, हे त्या गंजावरच ठरेल. २०२८ मध्ये पंधरा वर्षं होतील, तेव्हा आरटीओत तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. इंजिनचं ४३,००० किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण गाडी रॅम्पवर घेऊन दारांखालची पट्टी आणि जॅक लावायच्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायला सांगा, शक्य असेल तर तेव्हा तिथे थांबा. पत्रा टणक लागला तर ठेवा. स्क्रूड्रायव्हर आत गेला तर पुढचा खर्च थांबवा. दुसरी बाजू तुमची तुम्हालाच ठाऊक: डोळे तपासलेत का, मान मागे वळते का. वळत नसेल तर रिव्हर्स कॅमेरा बसवा, फक्त त्याची वायर इग्निशन चालू असतानाच करंट मिळेल अशा जागी जोडून घ्या, नाहीतर चौथ्या बॅटरीसाठी मला पुन्हा लिहाल. घाट दिवसाउजेडी करा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि मला तीच सगळ्यात जास्त खटकतेय. "टायर अजून चांगले आहेत, नक्षी भरपूर आहे," एवढंच तुम्ही म्हणता. नक्षी असणारच, गाडी चालते कुठे? कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, तुमची त्याहून बरीच जास्त असेल. पण रबर उन्हाने आणि वयाने कडक होतं, आणि कडक रबर ओल्या घाटात रस्ता धरत नाही. टायरच्या बाजूवर इंग्रजीत डॉट (DOT) अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ते एकाच बाजूला असतात, कधी आतल्या बाजूला येतात, तेव्हा पंक्चरवाल्याकडून वाचून घ्या. २३१८ म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी कोणा जाणकाराला भेगा दाखवायच्या आणि दहाव्या वर्षानंतर नक्षी कितीही असो, ठेवायचा नाही. गाडीबरोबर आलेलेच टायर असतील तर पुढची कराडची फेरी एसटीने करा. पाचही टायरवरचे आकडे इथे लिहून कळवा, मग ब्रेकचं आणि क्लचचं काम कुठल्या क्रमाने काढायचं ते सांगतो.